दोन लहान दात, एक मोठा

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. आणि ते खोटं माझ्याच हातून टाइप करून घेतलंत.

"करवत किनार संगणकात बसत नाही, सबब मंजूर नमुन्यांच्या यादीतून वगळण्यात यावी." तारीख सोळा जानेवारी एकोणीसशे सत्याऐंशी. खाली तुमची सही, शेपूट वर वळवलेली. तीन प्रती, दोन कार्बन. मी एकही चूक केली नाही. चूक झाली असती तर कागद पुन्हा चढवावा लागला असता, आणि ते वाक्य दुसऱ्यांदा लिहायची माझी तयारी नव्हती.

तुम्ही संगणकाला, आमच्या भाषेत मशीनला, विचारलंच नव्हतं. मशीनच्या खोलीत चपला काढून जायचं असतं, तशी पाटी तुम्हीच लावली. वर्षभरात तुम्ही त्या खोलीत तीनदा आलात, तिन्ही वेळा बूट घालून. मग मशीन तुमच्याशी कधी बोललं?

आता सगळं पहिल्यापासून सांगते. तुम्हाला ठाऊक आहे असं तुम्हाला वाटतं, ते राहू द्या. हा कागद पुढं आणखी जो वाचेल त्याला ठाऊक नाही.

मी प्रेमिला. नागपूरच्या तांडापेठेतली, विणकराची पोरगी. माझे वडील जागेश्वर, मागावर बसून त्यांना चाळीस वर्षं झाली आणि चाळीस वर्षं त्यांनी एकच किनार विणली, करवत. लुगड्याच्या काठाला करवतीसारखे दात. आमच्या घरच्या करवतीत दोन लहान दात, मग एक मोठा, मग परत दोन लहान. मी विणकरांच्या संस्थेच्या ऑफिसात टायपिस्ट आहे. धंतोलीत, खाली दवाखाना, वर आम्ही. संस्थेचा कायदा सोपा आहे: यादीत किनार असेल तर सूत मिळेल, नसेल तर नाही. म्हणजे तुमच्या त्या एका वाक्यानं माझ्या बापाचा माग बंद पडणार होता. एवढंच काय ते प्रकरण.

मशीन आलं तेव्हा त्याच्यासोबत पुण्याहून श्रीधर आला. पंचविशीचा, चष्मा, बोलणं एकदम पुस्तकी, पण मन साफ. त्याचं काम असं की प्रत्येक किनारीचा नमुना मशीननं छापून द्यायचा. एक ओळ म्हणजे आडवं सूत नेणाऱ्या धोट्याची एक फेक, आणि त्या फेकीला किनारीचा रंग किती तारा आत जातो तेवढे ठिपके. श्रीधर प्रोग्रॅम हातानं कागदावर लिहायचा आणि मी तो मशीनमध्ये टाइप करायची. पहिले दोन महिने मला ओ की ठो कळलं नाही. तिसऱ्या महिन्यात टाइप करता करता त्याची चूक मला दिसली. चौथ्या महिन्यात मी ती विचारल्याशिवाय सुधारली आणि त्याला कळलंसुद्धा नाही. मला कुणी शिकवलं नाही. शिकवायला कुणी तयार होतं असंही नाही.

मशीनला उपजत एकच गोष्ट येते, मोजणं. एक ते चाळीस म्हणा, ते गुमान एकापासून चाळीसपर्यंत जातं. श्रीधर त्याला लूप म्हणायचा, मी फेरा म्हणते. पण 'करवतीतून एक फेरा मार' म्हटलं तर मशीन ढिम्म. त्याला आकडा ठाऊक, किनार ठाऊक नाही. म्हणून श्रीधर प्रत्येक किनारीसाठी वेगळा फेरा लिहायचा. रुईफुलाचा वेगळा, नारळीचा वेगळा. आठ किनारी, आठ फेरे. नवव्या नंबरला करवत आली आणि तो अडकला.

त्यानं तीनपासून पंधरापर्यंत चढवलं आणि पंधरापासून तीनपर्यंत उतरवलं. दिसायला बरोबर. पण चढताना एक पंधरा, उतरताना आणखी एक पंधरा. टोकाला दोन फेका आल्या. तो कागद मी घरी नेला. बाबांनी बघितला आणि असे हसले की खोकला आला.

"हे करवत होय का वं? याच्यानं तं लोणी नाही कापल्या जात!"

"श्रीधरनं केलं, बाबा."

"त्याले सांग, टोक एकाच फेकीचं असते. दोन फेका मारल्या का दात बोथट होते. अन् माही लहान पोट्टी कुठं गेली?"

लहान पोट्टी म्हणजे लहान दात. ते श्रीधरनं विचारातच घेतले नव्हते. त्यानं टोक सुधारलं तर लहान दात बिघडले, लहान दात सुधारले तर मोठा गायब झाला. तो तुमच्याकडे आला, म्हणाला, साहेब, आणखी आठवडा द्या. तुम्ही म्हणालात, पुढच्या शुक्रवारी वरच्या ऑफिसच्या मॅडम पाहायला येणार आहेत, आठ किनारी पुरे. आणि मला हाक मारून ते वाक्य सांगितलंत.

मी म्हटलं, "साहेब, माझे वडील हीच विणतात."

तुम्ही म्हणालात, "मग साधी विणतील. शिकतील."

एकसष्ट वर्षांचा माणूस आहे तो, साहेब. जाऊ द्या. पुढचं ऐका, पुढं मजा आहे.

रविवारी सकाळी मी अंगणात भांडी घासत होते. बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यावर हिरवी पट्टी. डॉक्टरांनी महिनाभर मागावर बसायला मनाई केली होती. म्हणून मागावर आई, तुळजाबाई, आणि बाबा शेजारी खाटेवर पडून. आईला करवत पाठ नाही. तिनं जन्मभर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरल्या, विणलं कमी.

"पुढं?" आई विचारते.

"सहा," बाबा सांगतात.

धोटा जातो, फणी ठोकते, खट्.

"पुढं?"

"नऊ."

खट्.

"पुढं?"

"टोक झालं नं. आता फिर. सहा."

"अवो, अजून किती राहिले थे तं सांगा."

"तुले काय करायचं किती राहिले? तू विचार, मी सांगतो."

माझ्या हातातली परात खाली पडली. आई ओरडली, "फोडली का वं?" पितळेची परात, ती काय फुटते! पण माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं होतं खरं.

मागच्या महिन्यात शेजारच्या वच्छलाबाईंचा हात मोडला तेव्हा आई त्यांच्या मागावर बसली होती. तिथं रुईफूल. आईला रुईफूलही पाठ नाही. वच्छलाबाई सांगायच्या, आई विचारायची. प्रश्न तोच, 'पुढं?' म्हणजे आईला एकही किनार येत नाही आणि तरी ती सगळ्या किनारी विणते! का, तर मोजायचं काम तिचं नाहीच. ती फक्त विचारते. कोणता दात चालला आहे, वर चाललो आहोत की खाली, हे सगळं बाबांच्या डोक्यात. सहानंतर नऊ येतं की तीन, हे सहाला ठाऊक नसतं. ते किनारीला ठाऊक असतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी श्रीधरला गाठलं. तुम्ही एक वाजता घरी जेवायला जाता आणि तीनला झोपून येता, म्हणून आमच्या ऑफिसातली खरी कामं एक ते तीनमध्ये होतात.

"श्रीधर, तुम्ही आठ फेरे काहून लिहिले?"

"आठ किनारी आहेत म्हणून."

"माझी आई एकाच फेऱ्यात भागवते."

मी सांगत गेले, तो डबा उघडा ठेवून ऐकत राहिला. फेरा एकच ठेवायचा. त्यानं मोजायचं नाही, नुसतं विचारायचं. आणि प्रत्येक किनार आपली आपण अशी घडवायची की तिला तीन प्रश्नांची उत्तरं देता आली पाहिजेत. पहिली फेक कोणती? यानंतरची कोणती? आणि संपली का? एवढी उत्तरं जिला येतात ती किनार. मग ती रुईफूल असो, करवत असो, नाहीतर उद्या जन्माला येणारी असो, फेऱ्याला फरक पडत नाही.

श्रीधरनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे तुम्ही कुठं वाचलंत?"

"पुस्तकात असतं तं तुम्हीच नसतं वाचलं?"

"माझ्या पुस्तकात नाही हो," तो म्हणाला, आणि इतका खूश झाला की माझ्या डब्यातलं अर्धं भरीत त्यानं मला न विचारता खाल्लं.

तीन दिवस आम्ही सुट्टीत खपलो. फेरा श्रीधरनं लिहिला, करवत मी लिहिली. शिपाई ताराचंद जिन्यात पहारा द्यायचा. पन्नाशीचा माणूस, इंदोऱ्याचा, गळ्यात मफलर, आणि तुमच्या स्कूटरचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ओळखणारा. "साहेब उठले का तिकडे, मले इकडे जांभई येते," असं तो म्हणायचा.

बुधवारी पावणेदोनला करवत तयार झाली. श्रीधर म्हणाला, मी पान खाऊन येतो, मग मिळून चालवू. मला कुठला दम! मी बटन दाबलं.

इथं एक सांगायला हवं. छापायचं यंत्र मशीनच्या खोलीत नव्हतं. त्याची करकर तुम्हाला सहन होत नाही म्हणून तुम्ही ते बाहेर, जिन्याच्या तोंडावर ठेवायला लावलं होतं. मी आत पडद्यासमोर, यंत्र बाहेर. करकर चालू झाली. तीन, सहा, नऊ, सहा, तीन. लहान दात! सहा, नऊ, सहा, तीन. दुसरा! सहा, नऊ, बारा, पंधरा. एकच पंधरा! बारा, नऊ, सहा. मोठा दात! पडद्यावर आकडे सरकत होते आणि मी एकटी टाळ्या वाजवत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी आपली बघतेच आहे. गंगेला पूर यावा तशी करवत येत होती.

मग खालून ताराचंदची हाक आली. "प्रेमिलाबाई! अवो, कागद दवाखान्यात पोहोचला नं!"

बाहेर येऊन पाहते तर घड्यांचा कागद पायरी पायरीनं जिना उतरून गेला होता. खाली पेशंट बसलेले, कुणी यवतमाळचं, कुणी भंडाऱ्याचं, सगळ्यांच्या पायाशी करवत. कंपाउंडर ओरडतोय, "हे काय आहे? हे कुणाचे रिपोर्ट आहेत?" आणि डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी शेवटच्या पायरीवर बसून कागद मांडीवर ओढून बघत होती.

"ही तं करवत होय वं माय," ती शेजारणीला म्हणाली. "मी उमरेडची. आमच्याकडं सारे दात सारखे पाडतात. हे दोन लहान अन् एक मोठा, हे नागपुरातल्या जागेश्वरचं काम दिसते."

साहेब, ऐकताय ना? ठिपके आहेत नुसते, सूत नाही, रंग नाही, आणि उमरेडच्या त्या बाईनं माझ्या बापाचा हात ओळखला.

तेवढ्यात श्रीधर आला. तोंडात पान गच्च, बोलता येईना. कागदातून वाट काढत, हातवारे करत वर आला.

"उंऽऽ! उं उं!"

"काय?"

"उंऽऽ!" त्यानं हातानं दाबायची खूण केली. थांबवा म्हणून.

"काहून थांबवू? बरोबर येऊन राहिलं नं!"

शेवटी बिचाऱ्यानं पान गिळलं. पुण्याचा माणूस, डोळ्यात पाणी आलं. "बरोबर येतंय, प्रेमिलाताई, पण ते थांबणार कधी?"

"थांबायचं कशाले?"

तो मग आत गेला, फेरा बंद केला आणि मी लिहिलेली करवत वाचली. तिसऱ्या प्रश्नाशी, 'संपली का?', मी एकच उत्तर लिहून ठेवलं होतं. नाही. कधीच नाही.

"असं का लिहिलंत?"

"मग काय लिहू? संपत नाही ती."

आणि खरंच, मला ती चूक वाटलीच नव्हती. आमच्या घरी माग रिकामा करत नाहीत. लुगडं झालं की कापून उतरवायचं, पण ताण्याचं, म्हणजे उभ्या सुताचं, शेपूट फणीत तसंच ठेवायचं आणि त्याच्या एकेका तारेला नव्या ताण्याची तार गाठ मारून सांधायची. मागच्या लुगड्यात करवत जिथं थांबली तिथूनच पुढच्यात चालू. माझ्या आज्यानं धरलेली करवत बाबांच्या हातात तशीच आली. लग्नं झाली, मयती झाल्या, 'करवत संपली' असं त्या घरात कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. मग मी माझ्या किनारीला खोटं बोलायला कसं शिकवणार?

श्रीधर हसायला लागला. हसता हसता खुर्चीत बसला. "बरं, घरी मग थांबतं कोण?"

"आई."

"तिला कसं कळतं?"

"नऊ वार भरले की."

बोलले आणि माझं मलाच कळलं. तिसरा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला होता! तो किनारीला विचारायचा नसतो, लुगड्याला विचारायचा असतो. किनारीनं पुढचं सांगावं, लुगड्यानं पुरे म्हणावं, फेऱ्यानं दोघांचं ऐकावं. वीस मिनिटांत बदललं. परत चालवलं. नऊ वार भरले आणि यंत्र गप उभं राहिलं, आई धोटा खाली ठेवते तसं.

तीनला तुम्ही आलात. ताराचंद, श्रीधर, मी आणि पाच पेशंट मिळून जिन्यात कागदाच्या घड्या घालत होतो. तुम्ही विचारलंत, "हे काय?" ताराचंद म्हणाला, "सफाई, साहेब." तुम्ही खाली न बघता, बूट घालून, करवतीवर पाय देऊन वर गेलात. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं आहे.

त्या दिवशी पाच वाजता कागदाची गुंडाळी सायकलच्या कॅरिअरला बांधून मी घरी नेली. ऊन होतं अजून. गल्लीत आमच्या दारापासून नळापर्यंत अंथरली. बातमी काय, वाऱ्यावर. मागावरचे सगळे उठून आले. बाबा एका डोळ्यानं, कागदाच्या कडेकडेनं, वाकून चालायला लागले, पाठीमागं सगळी गल्ली. दर टोकाला बोट लावायचे. "एक. एकच फेक. बरोबर. हं, हा लहान. हा लहान. आला रे आला, मोठा आला!" मोठा दात आला की मागची पोरंटोरं, बायका, सगळे "आलाऽऽ!" ओरडायचे. देवाची मिरवणूक काय असेल!

मध्येच वच्छलाबाई गळ्यात बांधलेला हात सावरत खाली वाकल्या. "थांबा, थांबा! इथं दात मोडला!"

मिरवणूक थांबली. बाबा वाकले, बोटानं घासलं, वास घेतला.

"दात नाही मोडला वं," ते म्हणाले. "कोणाचा तरी बूट होय."

गल्ली अशी हसली की नळावरच्या बाईची घागर भरून वाहिली तरी तिला भान नव्हतं.

आई मात्र हसण्यात वेळ घालवणारी नाही. ती कागदाचं एक टोक घेऊन आत गेली, मागाला टांगलं आणि विणायला बसली. बाबांना काही विचारीना. खट्, खट्, खट्. बाबा दारात उभे.

"अन् आता मी काय करू?"

"तुमी चाय प्या," आई म्हणाली. मग थोड्या वेळानं, मान न वळवता, "पुढं?"

"तुह्यासमोर कागद आहे नं!"

"आहे. पण तुमी सांगा. कागद बोलत नाही."

बाबांनी कप खाली ठेवला आणि खाटेवर बसले. "सहा," म्हणाले.

शुक्रवारी मॅडम आल्या. तुम्ही सांगितलं होतं आठ किनारी दाखवा. श्रीधरनं नऊ दाखवल्या, एकाच फेऱ्यात. मॅडमनी विचारलं, "आणि नवीन किनार आली तर किती दिवस लागतील?"

तुम्ही म्हणालात, "पंधरा दिवस, मॅडम."

श्रीधर म्हणाला, "दोन उत्तरं लागतील, मॅडम. पहिली फेक कोणती आणि त्यानंतरची कोणती. बाकी सगळं आहे."

मागच्या रांगेत विणकर बसवले होते, अनवाणी, पाटीला मान देऊन. मॅडम वळून म्हणाल्या, "सांगता का कुणी?" माझा बाप हिरव्या पट्टीसकट उभा राहिला. "लिहा," म्हणाला. "चार. मग आठ. मग चार. मग परत चार, मुद्दाम. मग बारा." जन्मभर एक किनार विणलेल्या माणसानं उभ्या उभ्या दुसरी काढली. मी टाइप केली. अर्ध्या तासात छापून मॅडमच्या हातात. मॅडम म्हणाल्या, "हिचं नाव काय?" बाबा म्हणाले, "आत्ताच झाली जी. बारसं तुमीच करा." मॅडम इतक्या हसल्या की तुम्हालाही हसावं लागलं. आणि हसता हसता तुम्ही म्हणालात, "सगळं माझ्या मार्गदर्शनाखाली." म्हणा. त्याचं मला काही नाही.

पण मंगळवारी तुम्ही मंजूर नमुन्यांची यादी टाइप करायला दिलीत. आठ नावं. करवत नाही. मी विचारलं तर फाइलवरून डोळे न काढता म्हणालात, "नोंद आधीच झाली आहे. मशीनचा निर्णय आहे तो."

यादी मी टाइप केलेली नाही. ती माझ्या टेबलावर तशीच आहे, या कागदाखाली.

आमच्या मागावरचं लुगडं काल उतरलं. नऊ वार, शेवटचा दात मोठा आला. ताण्याचं शेपूट फणीत आहे. आईनं त्यावर धूळ बसू नये म्हणून जुनं धोतर पांघरलंय. बाबांची पट्टी सोमवारी निघते आणि ते आत्तापासूनच बोटं मोडत बसलेत, सांधायला सूत कधी येतं म्हणून. त्यांना मी सांगितलं आहे, येईल.

मशीन नाही म्हणालं नाही. त्यानं नऊ वार छापली, पहिल्या खेपेला तर थांबायलाच तयार नव्हतं. श्रीधर नाही म्हणाला नाही, मॅडम नाही म्हणाल्या नाहीत, उमरेडच्या त्या आजारी बाईनं तर पायरीवर बसून ओळखली. छापलेला कागद सोबत जोडला आहे. बारा फुटांवर बघा, एका मोठ्या दातावर बुटाचा ठसा आहे, टाचेची नाल सुद्धा उमटली आहे. म्हणजे कागद तुमच्या पायाखालून गेला, दिसला नाही असंही म्हणायची सोय नाही.

मग करवतीला नाही कोण म्हणालं, साहेब? नाव सांगा. आणि सूत कोणत्या तारखेला देता, तेही सांगा. उत्तर लेखी पाहिजे. टाइप मी करून देते.